चाळीस घोड्यांचा शब्द

बोटीच्या मागच्या फळीवर टांगलेल्या इंजिनाच्या टोपणावर एक आकडा मोठ्या, ठसठशीत अक्षरांत छापलेला असतो. २५, ४०, ११५, ३००. बऱ्याचदा त्यापुढे 'एचपी' असेही लिहिलेले नसते. ते सगळ्यांना ठाऊकच आहे असे धरून चाललेले असते. या इंजिनाला आऊटबोर्ड म्हणतात, कारण ते बोटीच्या पोटात न बसता बाहेर लटकते आणि खाली पाण्यात पंखा फिरवते. त्यावरच्या ४० या आकड्याचा नेमका अर्थ काय, या प्रश्नाने माझी काही वर्षे खाल्ली. पुण्याजवळच्या एका इंजिन-चाचणी कक्षात मी काम करत होतो. तिथे दिवसभर एकच गोष्ट विचारायची असे: हे इंजिन जेवढे सांगते तेवढे आहे का?

मी गोंदिया जिल्ह्यातला, अर्जुनी मोरगावकडचा. समुद्र आमच्यापासून इतका लांब की बोटीच्या इंजिनाशी तुझा काय संबंध, असे लोक हसून विचारतात. पण आमचा जिल्हा तलावांचा आहे. नवेगाव बांध आहे, इटियाडोह आहे, आणि पश्चिमेच्या कडेने वैनगंगा वाहते. एरवी या पाण्यावर डोंगे चालतात, वल्ह्यावर. इंजिन दिसते ते पुरात. २०२० च्या ऑगस्टअखेर मध्य प्रदेशात धो धो पाऊस झाला, संजय सरोवराचे पाणी सोडावे लागले आणि वैनगंगेने गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांतली काठावरची गावे पाण्यात घेतली. रस्ता बुडाला, पूल बुडाला, की मग गावापर्यंत पोहोचते ती बचाव पथकाची बोट आणि तिच्या मागे लटकलेले आऊटबोर्ड.

छपरावर बसून त्या बोटीची वाट पाहणाऱ्या माणसाने टोपणावरचा आकडा कधी वाचलेला नसतो. तरी त्या आकड्यावर त्याचा जीव टांगलेला असतो. म्हणून अश्वशक्ती अचूक मोजणे हा मला यंत्रशास्त्राइतकाच नीतीचाही प्रश्न वाटतो. तो कसा, ते सांगण्याआधी मोजतात कसे ते सांगावे लागेल.

*

मोकळे फिरणारे इंजिन कितीही गर्जले तरी त्याची शक्ती कळत नाही. आवाज असतो, धूर असतो, काटा सहा हजार फेऱ्यांवर थरथरत असतो, पण बाहेर काम शून्य. शक्ती मोजायची तर इंजिनाला अडवावे लागते. १८२१ च्या सुमारास गास्पार द प्रोनी या फ्रेंच अभियंत्याने फिरत्या चाकाला लाकडी ठोकळ्यांनी आवळले, त्या ठोकळ्यांना एक लांब दांडी जोडली आणि ती दांडी किती जोराने ओढली जाते ते वजन टांगून मोजले. १८७७ मध्ये विल्यम फ्राऊड या इंग्रज अभियंत्याने नौदलाच्या मोठ्या इंजिनांसाठी लाकडाऐवजी पाणी वापरले. आजचा डायनो, म्हणजे डायनामोमीटर, हा या दोघांचा नातू. इंग्रजीत या शक्तीला 'ब्रेक हॉर्सपॉवर' म्हणतात ते यामुळेच. मोजण्याचे यंत्र मुळात ब्रेक आहे.

आऊटबोर्ड डायनोवर घेताना पाण्यातला पंखा काढून टाकायचा आणि त्याच दांड्यावर वॉटर ब्रेक बसवायचा. आत पात्यांची चक्रे पाणी घुसळतात आणि इंजिनाची सगळी मेहनत पाणी तापवण्यात जाते. शंभर अश्वशक्तीचे इंजिन मिनिटाला सुमारे ३६ लिटर पाणी ३० अंशांनी तापवते. ब्रेकचे आवरण इंजिनाबरोबर फिरू पाहते, एक दांडी त्याला धरून ठेवते आणि त्या दांडीच्या टोकाला वजनकाटा असतो. काट्यावरचा जोर गुणिले दांडीची लांबी म्हणजे टॉर्क, पिळाचे बळ. टॉर्कला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणायचे, ९५४९ ने भागायचे, की किलोवॅटमध्ये शक्ती मिळते. एका किलोवॅटची साधारण एक पूर्णांक एक तृतीयांश अश्वशक्ती होते.

इतके सोपे असेल तर भांडण कशाचे? भांडण सुरू होते ते 'कुठे' आणि 'केव्हा' या दोन शब्दांवर.

आधी 'कुठे'. इंजिनाच्या डोक्यात, क्रँकच्या दांड्यावर मोजले तर एक आकडा येतो. ती शक्ती उभ्या दांड्यातून खाली येते, गिअरमधून वळते आणि पंख्याच्या दांड्यावर पोहोचते. वाटेत घर्षण आपला वाटा घेते, म्हणून इथे मोजले तर आकडा थोडा लहान येतो. गंमत अशी की गिअरमुळे फेऱ्या निम्म्या झाल्या तर टॉर्क जवळपास दुप्पट होतो. नवशिक्याला वाटते शक्ती वाढली. वाढलेले असते फक्त बळ. १९८० च्या दशकापर्यंत अनेक आऊटबोर्डांवरचा आकडा क्रँकवरचा असे. मग उद्योगाने पंख्याच्या दांड्यावर मोजायचे ठरवले आणि काही इंजिनांचे आकडे खाली आले. इंजिन तेच होते. आदल्या वर्षीचा आकडा खोटा नव्हता आणि पुढल्या वर्षीचाही नाही. फक्त पहिला आकडा बोटीला कधीच न मिळणाऱ्या शक्तीबद्दल बोलत होता.

आता 'केव्हा'. हे समजायला डायनोच्या खोलीत जायची गरज नाही, आमच्याकडच्या धान खरेदी केंद्रावर उभे राहिले तरी पुरे. तिथे कुणी नुसते 'एक क्विंटल धान' म्हणत नाही. आधी ओलावा बघतात. सरकारी खरेदीत १७ टक्क्यांपर्यंतचा ओलावा चालतो. त्यापुढचा ओला धान काट्यावर शंभर किलो भरला तरी त्यातले काही किलो पाणीच असते. काटा खरा असतो, वजन खरे असते, आणि तरी 'शंभर किलो' हे उत्तर अपुरे असते. ओलाव्याचा आकडा जोडला की ते पूर्ण होते.

इंजिनाचेही तसेच. ते पेट्रोलइतकेच हवेवर चालते. हवा गार आणि दाट असली की सिलिंडरमध्ये प्राणवायू जास्त मावतो, शक्ती वाढते. उकाडा, उंची आणि दमटपणा हे तिन्ही प्राणवायू कमी करतात. म्हणून डायनोच्या खोलीत तापमान, हवेचा दाब आणि आर्द्रता लिहून घेतात आणि एका सूत्राने निकाल ठरावीक हवेवर आणतात. सध्याच्या प्रचलित मानकांत ती हवा २५ अंशांची आणि पुष्कळशी कोरडी असते. जुन्या एका मानकात ती साडेपंधरा अंशांची होती. तेच इंजिन, तोच डायनो, तोच दिवस असला तरी जुने सूत्र लावले की आकडा चार-पाच टक्क्यांनी वर जातो. त्यासाठी ना पाना उचलावा लागतो, ना खोटे बोलावे लागते.

*

आता हे गणित आमच्या नदीवर आणून बघू.

ऑगस्टातला दिवस. हवा ३० अंश, आर्द्रता ९० टक्के. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे ३०० मीटर. हे आकडे सूत्रात घातले की साधारण सात टक्के शक्ती हवेतच विरते. टोपणावर ४० लिहिलेले इंजिन ३७ च्या आसपास देते. शिवाय आऊटबोर्डच्या उद्योगात बरीच वर्षे वापरात असलेले इकोमिया २८ नावाचे मानक लिहिलेल्या आकड्यापासून दहा टक्के वर किंवा खाली जाण्याची मुभा देते. म्हणजे कारखान्यातून निघालेले ३६ चे इंजिनही नियमाने ४० चेच. त्याला आमची ऑगस्टातली हवा लावली की उरतात साडेतेहतीस.

यात कुणी खोटे बोलले का? कुणीच नाही. कारखाना नियमात आहे, मानक बनवणारे आपल्या जागी बरोबर आहेत, विकत घेणाऱ्या कचेरीने कागदावर ४० मागितले आणि तिला ४० मिळाले. फक्त नदीला साडेतेहतीस मिळाले.

साडेसहा घोडे कमी पडल्याने काय होते? समजा, माणसांनी भरलेली बोट ४० अश्वशक्तीवर स्थिर पाण्यात सेकंदाला ४ मीटर जाते. पाण्यात दडपून चालणाऱ्या बोटीचा ढोबळ नियम असा की वेग शक्तीच्या घनमुळाच्या प्रमाणात बदलतो. म्हणून साडेतेहतीसवर वेग ३.७७ मीटर होतो. फरक किरकोळ दिसतो. पण नदी समोरून सेकंदाला साडेतीन मीटरने येत असेल, तर बोटीच्या हाती उरायचा अर्धा मीटर, तिथे उरतो पाव मीटरच्या जरासा वर. प्रवाहाविरुद्ध ६०० मीटर जायला २० मिनिटे लागायची, तिथे ३७ लागतात. कागदावरचा सोळा टक्क्यांचा फरक पाण्यावर जवळपास दुपटीचा होतो. शक्तीचा मोठा भाग नदीशी बरोबरी करण्यातच खर्च होतो, आणि माणूस वाचतो तो त्यावरच्या उरलेल्या थोड्याशा शक्तीवर. कमतरता नेमकी तिथून वजा होते.

खोटे बोलण्याचा प्रश्न सोपा आहे. खोटे बोलू नये, संपले. अवघड प्रश्न असा की कुणीही खोटे न बोलता आकडा आणि वास्तव यांत अंतर पडते, तेव्हा ते अंतर कुणी सोसायचे? माझ्या पाहण्यात ते न बोलता, न ठरवता साखळीच्या शेवटच्या माणसाकडे सरकते. मानक लिहिणाऱ्याकडे सूत्र असते, कारखान्याकडे डायनो असतो, कचेरीकडे निविदेचा कागद असतो. छपरावरच्या माणसाकडे यातले काहीच नसते, म्हणून सगळी दहा टक्के मुभा त्याच्या खात्यावर पडते.

*

या बाबतीत अश्वशक्ती या शब्दाचा जन्म पाहण्यासारखा आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जेम्स वॉटला आपली वाफेची इंजिने विकायची होती. गिऱ्हाइकांकडे घोडे होते. तुमचे इंजिन माझ्या किती घोड्यांच्या जागी चालेल, एवढेच त्यांना विचारायचे असे. वॉट आमच्याकडे धानाच्या चिखलात जन्मला असता तर आज आपण फोनवर 'चाळीस हल्याशक्ती' वाचत असतो. त्याने एका घोड्याचे काम ठरवले: मिनिटाला ३३,००० फूट-पौंड, म्हणजे आजचे सुमारे ७४६ वॉट.

सामान्य घोडा दिवसभर एवढे काम ओढू शकत नाही. वॉटने घोडा चढा धरला होता. त्याचा परिणाम पाहा. दहा अश्वशक्तीचे इंजिन घेणाऱ्याला दहा खऱ्या घोड्यांहून जास्त काम मिळायचे. फिरत्या इंजिनांचा मोबदला अश्वशक्तीवर ठरत असल्याने घोडा मोठा धरण्यात वॉटचाच तोटा होता. हे त्याने निव्वळ सचोटीने केले की धंद्याच्या हुशारीने, हे मला ठरवायचे नाही. हेतू कोणताही असो, झुकते माप समोरच्याच्या पदरात पडले. गिऱ्हाइकाकडे डायनो नव्हता. ज्याला तपासता येत नव्हते, चूक त्याच्या बाजूला झुकली.

अचूकतेची नीती माझ्या लेखी एवढीच आहे. अगदी काटेकोर खरे कुणालाच मोजता येत नाही. उत्तम डायनोवरही लागोपाठ तीन वेळा घेतलेले आकडे तंतोतंत जुळत नाहीत आणि दोन वेगळ्या डायनोंमध्ये तर सहज काही टक्क्यांचा फरक पडतो. चूक राहणारच. ती कुणाच्या बाजूला ठेवायची, हे मात्र आपल्या हातात असते. बाजारात पसाभर वर टाकणारा दुकानदार आणि नेमके काट्यावर थांबणारा दुकानदार दोघेही प्रामाणिक. पण काट्याला मुभा आहे म्हणून रोज काट्याच्या खालच्या टोकाला थांबणारा तिसरा असतो, त्याला आपण प्रामाणिक म्हणायला कचरतो. कायदा त्याला धरू शकत नाही. आपल्याला मात्र तो ओळखू येतो.

*

आकडे नेहमी वरच फुगवतात असेही नाही. १९८९ ते २००४ या काळात जपानी मोटार कंपन्यांत एक अलिखित समझोता होता: २८० अश्वशक्तीच्या वर आकडा जाहीर करायचा नाही. काही गाड्या प्रत्यक्षात त्याहून जास्त देत, पण कागदावर २८०. घेणारे खूश. जास्त मिळाले तर तक्रार कोण करणार?

बोटीच्या जगात हे इतके निरुपद्रवी राहत नाही. अमेरिकेत वीस फुटांखालच्या बहुतेक मोटारबोटींवर कमाल किती अश्वशक्तीचे इंजिन लावता येईल, याची पाटी असते. बोटीची मागची फळी, तिचे वजन, वळताना तिचा तोल, हे सगळे त्या पाटीमागे असते. इथे ज्याला जास्त वेग हवा, त्याला कमी लिहिलेले आणि जास्त देणारे इंजिन हवे असते. मग टोपणावरचा लहान आकडाही तितकाच फसवा. शर्यतीची इंजिने डायनोवर तपासून घेण्यामागे एक कारण हेही असते.

आपल्याकडचे उदाहरण विजेच्या बिलातच आहे. मीटर नसलेल्या कृषिपंपांची वीज अश्वशक्तीवर आकारली जाते. २०२४ मध्ये आलेल्या मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत. म्हणजे मोटारीवरच्या लहानशा पत्र्यावरचा आकडा आता एका कुटुंबाचा वर्षाचा खर्च ठरवतो. मोटार जळते, रिवाइंडिंगच्या दुकानात जाते, आत तार वेगळ्या जाडीची भरली जाते, पत्रा जुनाच राहतो. आतली मोटार आणि बाहेरचा पत्रा यांचे नाते दर दुरुस्तीगणिक सैल होत जाते. शेतकऱ्याला लबाड म्हणणे सोपे आहे. पण नुसत्या पत्र्यावर हक्क आणि दंड ठरवायचे आणि मोजण्याची सोय कुणाला द्यायची नाही, ही व्यवस्था माणसाला खोट्याकडे ढकलते. आकड्यावर जितके जास्त टांगाल, तितकी तो मोजण्याची जबाबदारी वाढते.

मोजणारे यंत्रही भोळे असू शकते. २०१५ मध्ये फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांचे प्रकरण बाहेर आले. गाडी चाचणीच्या रोलरवर आहे की रस्त्यावर, हे तिच्या संगणकाला कळत होते. रोलरवर ती धूर आवरायची, रस्त्यावर सोडून द्यायची. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ही सोय होती. डायनोने दिलेला प्रत्येक आकडा खरा होता, पण त्याला विचारलेला प्रश्नच गाडीने आधी ओळखला होता. परीक्षेपुरता अभ्यास करणाऱ्या आपल्या पिढीला हे निराळे समजावून सांगायला नको.

*

इथे एक आक्षेप येतो आणि तो मला मनापासून पटतो. नवेगाव बांधात जाळे टाकणाऱ्या ढिवराला कुठली अश्वशक्ती ठाऊक असते? डोंग्यात किती माणसे घ्यायची, वारा कुठून आहे, आज पलीकडे जायचे की नाही, हे त्याचे हात सांगतात. त्याच्या ज्ञानापुढे डायनोचा कागद फिका आहे. मग आकड्यांचे एवढे स्तोम कशाला?

कारण ते ज्ञान त्याच्या हातात राहते. त्याचा डोंगा, त्याचा तलाव, त्याचा हात. पुरात येणारी बोट दुसरीकडून आलेली असते, चालवणारा दुसऱ्या गावचा, इंजिन गेल्या महिन्यात आलेले, नदी त्याने आजच पाहिलेली. इथे एकमेकांना न ओळखणारी माणसे एका बोटीत बसतात. अनोळखी माणसांमध्ये विश्वासाचे काम आकडा करतो. ओळखीच्या माणसाचा शब्द पुरतो. तो नसेल तिथे ४० हाच कारखान्याने त्या चालकाला दिलेला शब्द असतो. त्या शब्दावर तो ठरवतो: सहा जणांना घ्यायचे की आठ, आता निघायचे की थांबायचे. शब्दाला अटी असतील तर त्या सांगितल्याच पाहिजेत. अट माहीत असून गाळली, की प्रत्येक अक्षर खरे असूनही शब्द मोडतो.

दुसरा आक्षेप माझ्याच धंद्यातल्या लोकांचा. ते म्हणतात, डायनो जाऊ दे, पाण्यात उतरव, काय ते कळेल. अर्धे खरे आहे. पंखा, बोटीचा आकार, लाट, वळण, सुकाणू या गोष्टी पाण्यातच कळतात. पण पाणी मोकळे नसते, तिथे इतर माणसेही असतात. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबई बंदरात, गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली. त्या बोटीच्या इंजिनाची चाचणी चालू होती आणि तिच्यावरचे नियंत्रण सुटले, असे नौदलाने सांगितले. पहिल्याच दिवशी १३ मृत्यूंची नोंद झाली, पुढे आकडा वाढला. दोष कुणाचा हे ठरवणे माझे काम नाही, आणि डायनोने तो अपघात टळला असता असेही मी म्हणत नाही. मला दिसते ते एवढेच की घारापुरीची लेणी पाहायला निघालेली माणसे, त्यांना न विचारता, कुणाच्या तरी चाचणीच्या आवाक्यात आली होती.

चाचणीच्या खोलीला जाड भिंती असतात, काचेपलीकडे माणूस उभा असतो, एका बटणावर इंजिन बंद होते. इंजिन फुटले तर लोखंड फुटते. त्या खोलीचे खरे काम मला तेव्हा उमगले: जे खोलीत कळू शकते ते कळून घेण्याचा धोका परक्या माणसावर टाकायचा नाही. बचावाच्या इंजिनाची शक्ती पुराच्या दिवशीच पहिल्यांदा कळणार असेल, तर छपरावरचा माणूस आपला डायनो झाला.

*

गोंदियात वॉटर ब्रेक कुठून आणायचा, असे कुणी म्हणेल. आणायची गरज नाही. मे-जूनमध्ये बोट इटियाडोहच्या पाण्यात उतरवावी. मागे एक भक्कम दोर बांधून काठावरच्या खांबाला आवळावा, मध्ये टांगता वजनकाटा लावावा. आमच्या जिल्ह्यात राईस मिलांची वाण नाही आणि मिलवाल्यांकडे काट्यांची वाण नाही. दोराजवळ कुणी उभे राहू नये, इंजिन पूर्ण चालवावे, काट्यावर किती किलोंची ओढ दिसते ते वहीत लिहावे. सोबत तारीख, तापमान, कोणता पंखा होता ते लिहावे. याने अश्वशक्ती कळणार नाही, कारण बोट जागची हलत नाही. पण तोच दोर, तोच काटा, तोच पंखा घेऊन दर वर्षी हेच केले, तर इंजिन गेल्या वर्षीपेक्षा थकले आहे का, हे कळते. डायनोवर आम्हीही सर्वांत जास्त विश्वास असाच ठेवायचो: एकाच काट्यावरच्या आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांतल्या फरकावर. मग त्याच बोटीत माणसांच्या वजनाची पोती भरून मोजलेल्या अंतरावर वेग घ्यावा आणि किती वजनाला किती वेग ते बोटीच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवावे. खर्च एक दुपार आणि रंगाचा डबा.

हे वाचताना तुमच्या हातात जो फोन आहे, त्याच्या खोक्यावरही असे आकडे आहेत. बॅटरीचे, कॅमेऱ्याचे, नेटच्या वेगाचे, ज्यापुढे बारीक अक्षरांत 'पर्यंत' लिहिलेले असते. त्यातल्या बहुतेकांवर कुणाचा जीव अवलंबून नाही, तेव्हा चिडायचे कारण नाही. पण सवय म्हणून तीन प्रश्न विचारून पाहा: कुठे मोजले, कोणत्या हवेत मोजले, आणि चुकले तर कुणाच्या बाजूला चुकणार आहे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे यंत्राकडे असतात. तिसऱ्याचे उत्तर कुणीतरी माणसाने ठरवलेले असते, बहुधा ठरवतो आहोत हे लक्षातही न येता.

उद्या कुणाच्या तरी हातून निविदा लिहिली जाईल, कुणाच्या हातून इंजिन तपासले जाईल, कुणाच्या हातून त्याची पाटी छापली जाईल. या लेखाच्या वाचकांतही असे हात असतील. टोपणावर ४० जरूर छापावे, मोठ्या अक्षरांत छापावे. त्याखाली आणखी एक ओळ मावते. 'पंख्याच्या दांड्यावर, २५ अंशांच्या कोरड्या हवेत, दहा टक्के कमी-जास्त. ऑगस्टात वैनगंगेवर ३३ धरून माणसे घ्या.'